साडेसदतीस

सरोज एसटीतून उतरली तेव्हा तिच्या खांद्याला पिशवी होती आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला स्टीलचा डबा. पिशवी मी घेतली. डब्यासाठी हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू द्या. तुम्ही हलवाल."

"आहे काय त्यात?"

"तांदूळ."

घरी येऊन तिने डबा टेबलावर ठेवला, बोटांनी तांदूळ बाजूला सारले आणि त्यातून एकेक करून अठरा अंडी काढली. गावरान, लहान, काही तांबूस, काही पांढरट. एकाला घाण चिकटून वाळली होती. तीही तिने पुसली नाही.

"आईच्या कोंबड्यांची आहेत," ती म्हणाली. "शेवटची."

सासूबाईंना जाऊन पंधरा दिवस झाले होते. अंदरसूलच्या घरामागे त्यांच्या नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा असे. त्या कोंबड्यांच्या आया, आज्या, पणज्या त्याच अंगणात जन्मलेल्या. बाहेरचं पिल्लू सासूबाईंनी कधी आणलं नाही. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सरोजच्या भावाने, भास्करने, सगळ्या कोंबड्या टेम्पोवाल्याला देऊन टाकल्या. त्याच्या बायकोला मागच्या अंगणात फरशी घालायची होती. सुतकात घरात अंडी कोणी खाल्ली नव्हती म्हणून खुराड्यात साठली होती. त्यातली ताजी ताजी निवडून सरोज घेऊन आली होती.

"आणि आता यांच्यावर बसणार कोण?" मी विचारलं. "थंडीत कुणाची कोंबडी खुडूक होत नाही म्हणतात."

"मशीन करायचं. भाऊंना विचारलंय. एसटीतूनच फोन केला."

भाऊ म्हणजे गांगुर्डे. आमच्या लायनीत चौथं घर. वीज मंडळात वायरमन. वय माझ्याएवढंच, म्हणजे तेव्हा पन्नासच्या अलीकडे. त्यांची पत्नी चार वर्षांपूर्वी वारली होती, आणि ही माहिती मला त्या आठवड्यापर्यंत दुःखद वाटत होती.

एसटीतून तिने फोन केला होता तो त्यांना. मला स्टँडवर घ्यायला या, एवढा मेसेज आला होता.

हे बारा वर्षांपूर्वीचं. डिसेंबर होता आणि आम्ही निफाडला राहत होतो, अजूनही राहतो. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात येते, त्यामुळे गावाला तिचा थोडा अभिमानही आहे. सकाळी लोक एकमेकांना नमस्कार करण्याऐवजी आकडा सांगतात. केतकी, आमची एकुलती मुलगी, त्याच वर्षी शिकायला पुण्याला गेली होती. घरात दोन माणसं, चार खोल्या आणि माझी पुस्तकं उरली होती.

दुसऱ्या दिवशी गांगुर्डे औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा मोठा खोका घेऊन आले. त्यात त्यांनी दोन बल्ब बसवले, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, थर्मोस्टॅट लावला, झाकणाला काच लावली, आत पाण्याची वाटी ठेवली आणि तापमानाचा एक चिमुकला मीटर चिकटवला. सगळं मिळून दीड तास. मी त्या दीड तासात दोनदा विचारलं, "काही मदत?"

"तुम्ही बसा सर," गांगुर्डे म्हणाले.

"तुम्ही बसा," सरोजही म्हणाली.

मी बसलो. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक आहे. घरातला बल्ब गेला तर आमच्याकडे तो सरोज बदलते आणि मी स्टूल धरतो.

"साडेसदतीस," गांगुर्डे म्हणाले. "वहिनी, हा आकडा ध्यानात ठेवायचा. साडेसदतीसच्या खाली नाही, वर नाही. कोंबडीच्या पोटाखाली तेवढंच असतं."

"लिहून घेते," सरोज म्हणाली.

आणि तिने केतकीची एक कोरी वही काढली.

त्या वहीबद्दल मला सांगितलं पाहिजे. पहिल्या पानावर तिने लिहिलं: भाऊ म्हणाले, साडेसदतीस. खाली लिहिलं: भाऊ म्हणाले, पाणी आटू द्यायचं नाही. त्याखाली: भाऊ म्हणाले, दिवसातून तीनदा अंडी फिरवायची, कोंबडी पायाने फिरवते तशी, अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. बावीस वर्षांच्या संसारात मी तिच्यासमोर चलनवाढीवर, सहकारी चळवळीवर, कांद्याच्या निर्यातीवर आणि तिच्या भावावर मुद्देसूद बोललो होतो. माझं एकही वाक्य तिने कुठे लिहून घेतलेलं नव्हतं.

तिने प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली काढली आणि दुसऱ्या बाजूला गोळा. सकाळी फुली वर, दुपारी गोळा वर, संध्याकाळी परत फुली, दुसऱ्या दिवशी उलट. झोपताना ती काचेतून आत बघायची. माझ्याकडे बघून झोपायची तिची सवय कधी गेली ते मला आठवत नव्हतं, पण आता ती गेली आहे हे लक्षात आलं.

गांगुर्डे रोज यायचे. कामावर जाताना पाच मिनिटं. मध्येच त्यांचा फोन यायचा. "वहिनी, अकरा ते एक लाइन बंद ठेवणार आहोत. गरम पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा." सगळ्या गावाला लाइट गेल्यावर कळायचं की लाइट गेली. माझ्या बायकोला आधी कळायचं. ती बाटल्या भरून, फडक्यात गुंडाळून, खोक्यात ठेवून लाइट जायची वाट बघत बसायची, आणि बरोबर अकराला लाइट गेली की तिच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शोधून पाहिलं. नव्हतं.

ती त्यांना भाऊ म्हणते, यावर माझं समाधान व्हायला हवं होतं. पण आमच्याकडे दूधवाला भाऊ, रिक्षावाला भाऊ, गॅसवालाही भाऊ. आमच्या कॉलेजात स्टाफमधली दोन लग्नं झाली, त्या दोन्हींची सुरुवात भाऊपासूनच झाली होती.

सातव्या दिवशी अंडी तपासायची होती. म्हणजे काळोखात, अंड्यामागे बॅटरी धरून, आत जीव धरलाय की नाही ते बघायचं. आमच्या घरात भर दिवसा काळोख होईल अशी खोली एकच, जिन्याखालची अडगळीची. दार लावून ते दोघं आत गेले. मी बाहेर खुर्ची टाकून उत्तरपत्रिका तपासत बसलो.

"दिसलं?" आतून गांगुर्डेंचा आवाज.

"नाही."

"जरा इकडे सरका. असं. आता?"

मग काहीच नाही. मी एका विद्यार्थ्याला मागणीच्या नियमासाठी दहापैकी नऊ गुण दिले. त्याने पुरवठ्याचा नियम लिहिला होता.

"अगं बाई," सरोज म्हणाली. "हलतंय."

बावीस वर्षं मी त्या बाईबरोबर राहत होतो. हा आवाज मी केतकी झाली तेव्हा एकदा ऐकला होता.

"अहो, या ना," तिने दार किलकिलं केलं. "बघा तरी."

मी आत गेलो. काळोखात तीन माणसं म्हणजे आमच्या अडगळीच्या खोलीला जास्तच झाली. गांगुर्डेंनी एक अंडं बॅटरीवर धरलं. ते लाल झालं.

"शिरा दिसतात का सर? कोळ्याच्या जाळ्यागत? आणि मध्ये तो ठिपका. बघा, उडतोय."

मी वाकून पाहिलं. मला लाल अंडं दिसलं.

"हो हो," मी म्हणालो. "दिसला."

"कुठंय सांगा," सरोज म्हणाली.

मी बोट दाखवलं. मग गांगुर्डेंनी हळूच अंडं जरासं फिरवलं आणि म्हणाले, "बरोबर सर. हलला तो आता, इकडं आला." इतक्या सभ्यपणे मला आजवर कोणी सांभाळून घेतलं नव्हतं. त्याबद्दल त्यांना माफ करणं मला शक्य नव्हतं.

अठरापैकी चार अंडी रिकामी निघाली. चौदा राहिली.

बारावा दिवस रविवार होता. सरोजला नाशिकला जायचं होतं. तिच्या मावसबहिणीच्या मुलाचा साखरपुडा. सकाळी आठला ती साडी नेसून खोक्यापाशी उभी राहिली आणि मला सूचना देऊ लागली.

"दोन वाजता अंडी फिरवायची. पाणी बघायचं. झाकण उघडं टाकून विचार करत उभं राहायचं नाही."

"मी एम.ए. आहे सरोज."

"म्हणून तर सांगतेय." मग चप्पल घालता घालता म्हणाली, "भाऊ दहा वाजता चक्कर टाकतील. तुम्ही बाहेर गेलात तर म्हणून त्यांच्याकडे दुसरी किल्ली दिलीय."

"किल्ली?"

"घराची."

ती गेली. मी खोक्यापाशी उभा राहिलो. आत दोन बल्ब होते आणि मीटरवर साडेसदतीस होतं. खोक्यात हात घालून डावीकडचा बल्ब मी अर्धा फेरा सैल केला. तो विझला. आयुष्यात मी केलेलं ते विजेचं पहिलं काम, आणि ते पहिल्या फटक्यात जमलं.

माझा बेत साधा होता. दहा वाजता गांगुर्डे येतील, बघतील की त्यांनी बसवलेला बल्ब बंद आहे, ओशाळतील. मी म्हणेन, असू द्या हो, होतं असं. संध्याकाळी सरोजला सांगेन, फार सौम्यपणे. तासाभरात अंड्यांना काही होत नाही. कोंबडीसुद्धा खायला उठते. वहीत तसं लिहिलेलं होतं. भाऊ म्हणाले होते.

दहाला त्यांचा फोन आला. "सर, मी उगावच्या बाजूला पोलवर आहे. तार तुटलीय. यायला उशीर होईल. तुम्ही बघताय ना?"

"बघतोय," मी म्हणालो.

मग प्राचार्यांचा फोन आला. तपासणी समिती यायची होती, रविवार असूनही तातडीची बैठक होती. बल्ब घट्ट करावा की गांगुर्डे येईपर्यंत तसाच ठेवावा, याचा मी थोडा विचार केला. तसाच ठेवला. मी घट्ट केला असता तर ते ओशाळले कशावर असते?

बैठक लांबली. मी घरी आलो तेव्हा पाच वाजले होते. गांगुर्डे आलेच नव्हते. मीटरवर सत्तावीस होतं. काचेवर आतून दव धरलं होतं. मी बल्ब घट्ट केला, अंडी फिरवली, पाणी घातलं, आणि आकडा वर चढताना बघत बसलो. एवढ्या तन्मयतेने मी शेअर बाजारसुद्धा कधी पाहिला नाही. पावणेसातला साडेसदतीस झालं. सातला सरोज आली.

"सगळं ठीक?" तिने दारातूनच विचारलं.

"सगळं ठीक."

"भाऊ आले होते?"

"नाही. कामात होते."

तिने पर्स ठेवली, खोक्याचं झाकण जरासं उचललं, आत बोट घालून मीटरपाशी काहीतरी केलं. वाकून पाहिलं. मग वही घेतली आणि उभ्याउभ्याच लिहिलं. साडी बदलायला गेली ती बराच वेळ आली नाही. साखरपुड्यात दमली असेल, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गांगुर्डेंना बोलावलं. "काल मध्येच गार पडलं होतं वाटतं," एवढंच म्हणाली. गांगुर्डेंनी खोका उघडा न करता काचेतून, मग पाठीमागून, मग पुन्हा काचेतून पाहिला. डावीकडचा बल्ब जरा तिरपा बसला होता, त्याचा होल्डर बदलला. निघताना पिशवी आवरत म्हणाले, "वहिनी, माझीच चूक. होल्डर ढिला असणार. मी स्वस्तातला आणला होता."

"असू द्या भाऊ."

"आईची अंडी होती तुमच्या," ते म्हणाले. "मी दुसरा आणायला पाहिजे होता."

मी दारात उभा होतो. म्हणायचं ठरवलेलं वाक्य माझ्याकडे तयार होतं. मी म्हणालो, "असू द्या हो. होतं असं."

ठरवल्याप्रमाणेच सगळं झालं. गांगुर्डे रोज यायचे बंद झाले. किल्ली त्यांनी शेजारच्या मुलीबरोबर पाठवून दिली. वहीत नवीन "भाऊ म्हणाले" आलं नाही. कॉलनीतल्या तिघांनी त्यांच्याकडे असं मशीन मागितलं होतं. त्यांनी तिघांनाही नाही सांगितलं. "आत जीव असतो," म्हणाले. "पंखे-बल्ब करतो. हे आपल्याला नाही जमायचं." ही बातमी मला दाढीच्या दुकानात कळली. तोंडाला साबण होता, त्यामुळे माझा चेहरा कसा झाला ते कोणाला दिसलं नसावं.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघायला हवी होती. निघाली नाहीत. सरोज सकाळपासून शाल पांघरून खोक्यापाशी बसली होती. मी चहा केला. तिने तो घेतला आणि बाजूला ठेवला.

"उशीर होऊ शकतो," मी म्हणालो. "थंडी आहे."

"आत थंडी नाहीये," ती म्हणाली. "आत थंडी नसावी म्हणूनच खोका असतो."

बाविसावा दिवसही तसाच गेला. त्या दिवशी ती भास्करशी फोनवर बोलली. अंगणात फरशी घालून झाली होती, छान दिसत होती, असं तो सांगत असावा. ती "हं" म्हणत होती. फोन ठेवून मला म्हणाली, "एक जरी निघालं तरी चालेल मला. एक निघालं तर आई गेली असं वाटणार नाही." आणि ओशाळून म्हणाली, "काहीतरीच बोलतेय मी."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा गरम करून आणू?"

तेविसाव्या दिवशी दुपारी पहिल्या अंड्याला टोचा पडला. संध्याकाळपर्यंत एक ओलं, केविलवाणं, सासूबाईंच्या स्वभावाचं पिल्लू बाहेर येऊन सगळ्यांवर ओरडत होतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत सात झाली. उरलेली सात अंडी निघाली नाहीत. ती त्या रविवारी गेली की आधीच गेली होती, हे नक्की सांगता येत नाही. मी या विषयावर पुढे बरंच वाचन केलं. अजून करतो.

सरोजने मला गांगुर्डेंना बोलवायला पाठवलं. ते ओट्यावर वायरीचं बंडल सोडवत होते.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सात."

त्यांनी मान हलवली. "चौदा होती," म्हणाले. आले नाहीत.

त्या सातांतून आमच्या परसात कोंबड्यांचं खानदान परत उभं राहिलं. आज त्यांच्या पणत्या आहेत. दर आठवड्याला सरोज चार अंडी गांगुर्डेंकडे पाठवते, आणि बारा वर्षं तेच उत्तर येतं: "मला कशाला वहिनी." मग ते ठेवून घेतात. मी त्या रविवारची गोष्ट विसरून गेलो, असं मला वाटत होतं.

गेल्या महिन्यात सरोज पुण्याला गेली, केतकीच्या बाळंतपणाला. नातू झाला. परवा दुपारी तिचा फोन आला.

"अहो, केतकीच्या खालच्या मजल्यावरचे लोक मशीनमध्ये अंडी लावताहेत. शेवटच्या तीन दिवसांत पाणी किती ठेवायचं ते विचारतात. जरा वही बघून सांगा."

"वही आहे अजून?"

"कपाटावर, शिवणाच्या डब्याखाली. बाराव्या दिवसाचं पान काढा. त्याच्याच मागे लिहिलंय."

मी खुर्चीवर चढून वही काढली. पानांवर तिने रकाने आखले होते: वेळ, आत्ता, किमान. किमान हा रकाना मी कधी पाहिला नव्हता. त्या मीटरला एक बारीक बटण होतं. ते दाबलं की मागच्या खेपेपासून खोका कमीत कमी किती गार झाला होता ते तो दाखवायचा. एवढ्या वर्षांत मी ते बटण कशाचं, हे विचारलं नव्हतं.

बाराव्या दिवसाच्या पानावर लिहिलं होतं:

सायं. ७. आत्ता ३७.४. किमान २६.९.
भाऊ आले नव्हते. घरी हेच होते.
यांना विचारलं. हे म्हणाले, सगळं ठीक.

आणि खाली, दुसऱ्या दिवसाच्या तारखेला:

भाऊंनी होल्डर बदलला. जुना मी ओसरीत लावून पाहिला. चांगला आहे. ठेवून दिला.

संबंध वहीत माझं एकच वाक्य तिने लिहून घेतलं होतं.

बैठक लांबली, असं मी वर म्हटलंय. ती पाऊण वाजता संपली होती. घर दहा मिनिटांवर होतं, आणि बल्ब माझ्या ध्यानात होता. मी कॅन्टीनमध्ये तीन चहा घेतले. गांगुर्डे अजून आमच्या घरी चक्कर टाकून गेले नसतील, आधी त्यांना बघू द्यावं, असं मी पाचपर्यंत स्वतःला सांगत बसलो.

"सापडलं का?" सरोज फोनवर विचारत होती.

"सापडलं." मी पान उलटलं. "पाण्याच्या दोन वाट्या. काच ओली दिसली पाहिजे. झाकण उघडायचं नाही."

"बरं, सांगते त्यांना." मागे नातू रडत होता, तिने त्याला थोपटल्याचा आवाज आला. "बाकी सगळं ठीक ना तिकडे?"

ठीक म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"होल्डर चांगला होता," मी म्हणालो.

नातू रडायचा थांबला. ती थोपटतच होती.

"शिवणाच्या डब्यात आहे," ती म्हणाली. "खालच्या कप्प्यात, बटणांच्या डबीमागे. भाऊ चारनंतर घरीच असतात."

तिने फोन ठेवला. होल्डर होता तिथेच होता, वायरीचे दोन आखूड तुकडे लोंबणारा. साडेतीन वाजले होते. मी चार वाजेपर्यंत चपला शोधल्या.

गांगुर्डे आता रिटायर झालेत. दार त्यांनीच उघडलं. मला पाहून त्यांना नवल वाटलं. बारा वर्षांत मी अंडी घेऊनसुद्धा कधी गेलो नव्हतो.

"या सर," ते म्हणाले, आणि माझ्या हातातल्या होल्डरकडे लक्ष गेलं तसा त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला. "काय बिघडलं?"